मागची डबी

सर बोलणार असले की आधी पंखा घरघरायचा. जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला तो पंखा जोर धरायचा, पडद्यावरचं वाळूचं घड्याळ उलटसुलट व्हायचं आणि मग, समोरच्याने आशा सोडली की, स्पीकरमधून सरांचा आवाज यायचा, "भिंगरी. पुस्तक. उघड."

तोवर भिंगरी पुस्तक उघडून, चित्रं बघून, खुर्चीवरून उतरून खिडकीत जाऊन बसलेली असायची.

"आजोबा, तुम्ही किती हळू बोलता!" ती तिथूनच ओरडायची. "मी म्हातारी होईन ना!"

सर हसायचे. हसताना आवाज येत नसे, नुसते खांदे हलायचे. घशाच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी त्यांची स्वरपेटी काढून टाकली होती. भिंगरी तेव्हा पाळण्यात होती. म्हणजे तिच्या दृष्टीने आजोबा आधीपासून स्पीकरमधूनच बोलत आलेले होते, आणि त्यात तिला काही विशेष वाटत नव्हतं.

आवाज मात्र खराखुरा सरांचा होता. सर प्राथमिक शाळेत शिकवायचे. पोरांना घरी कुणी वाचून दाखवत नाही, म्हणून त्यांनी फार पूर्वी एक प्रोग्राम विकत घेतला होता आणि शाळा सुटल्यावर डोक्यावरून जाड पांघरूण घेऊन, आतमध्ये माइक धरून, ते त्यात एकेक अक्षर, एकेक शब्द बोलून ठेवत. अक्षरं झाली, बाराखडी झाली, मग घरातल्या वस्तू, झाडं, प्राणी, मग वर्गात लागणारी वाक्यं. आपण टाइप केलं की प्रोग्राम ते शब्द शोधून एकापुढे एक लावायचा. शब्द सापडला नाही तर अक्षरं जोडून कसाबसा तयार करायचा. हे सगळं पोरांसाठी होतं. पुढे हाच आपला घसा होणार आहे, हे त्या पांघरुणातल्या माणसाला कुठून ठाऊक असणार?

त्यामुळे सर घरात बोलायचे तेही वर्गात बोलल्यासारखं. "घाई नको" हे त्यातलं सगळ्यांत लाडकं वाक्य. "घाई" म्हणून ते किंचित थांबायचे, श्वास घ्यायचे आणि मग "नको" म्हणायचे, अगदी मऊ. "झाड" या शब्दामागे एका लहान मुलीचं खुदकन हसणं ऐकू यायचं. ती म्हणजे त्यांची मुलगी, ताई. रेकॉर्डिंग चालू असताना ती पांघरुणात शिरली होती. आता ती भिंगरीची आई होती, नवरा बोटीवर नोकरीला असल्यामुळे वडिलांजवळ राहत होती आणि एका चष्म्याच्या कारखान्यात काचा तपासायचं काम करत होती.

भिंगरी अजून वाचायला शिकली नव्हती. ती सरांकडूनच शिकत होती आणि गाडी नुकतीच "भ"पर्यंत आली होती. पण कॉम्प्युटर दिवसेंदिवस मंदावत चालला होता. कधी वाक्याच्या मधेच अडकायचा. एकदा "शाब्बास"मधला "शा" बोलून जो थांबला तो थांबलाच. भिंगरी तोंडाकडे बघत राहिली आणि सर "एंटर"चं बटण दाबत राहिले. शेवटी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी ताईने ठरवलं, की बाबांचा घसा दुरुस्त करायचा.

"सरळ नवीन घे ना," धाकटा भाऊ फोनवर म्हणाला. तो परगावी होता आणि सगळ्या अडचणी फोनवरून सोडवायचा. "नाहीतर मोबाइलवर दे बोलणारं काहीतरी. आजकाल माणसासारखं बोलतात."

ते करून झालं होतं. मोबाइलमधून एक गुळगुळीत, अनोळखी पुरुषी आवाज आला होता आणि भिंगरी एकदम शहाण्यासारखी बसून म्हणाली होती, "हो काका." सरांनी मोबाइल उलटा ठेवला होता.

"तोच प्रोग्राम पाहिजे," ताई म्हणाली. "आतले भाग बदलायचे. मी बघते."

"तू? मेकॅनिक ताई?"

"तुला सायकलची चेन बसवायला कुणी शिकवलं रे?"

"बाबांनी."

"बाबांनी मला शिकवलं, मी तुला. विसरू नकोस."

सरांची शिकवण्याची एक पद्धत होती. वस्तू कुठलीही असो, विजेरी असो की कॉम्प्युटर, दुसरा भाग जोडायच्या आधी ते मुलांना तीन प्रश्न विचारायला लावायचे. बसेल का? वीज पुरेल का? ओळखेल का? पहिला प्रश्न मापाचा. दुसरा ताकदीचा. तिसरा सगळ्यांत अवघड, कारण भाग नीट बसतो, त्याला वीजही मिळते, पण दुसऱ्या भागाला तो आपला वाटत नाही. "आणि का, ते सांगितल्याशिवाय उत्तर धरणार नाही," हे वर. कारण न सांगता सरांनी कुणालाही काही शिकवलं नव्हतं.

सरांना तपासणीसाठी थोडे दिवस इस्पितळात राहायचं होतं. ताईला वाटलं, हीच वेळ. घरी असताना कॉम्प्युटर उघडला तर बाबा मुके होतील. ते तिकडे पाटीवर लिहून काम भागवतील आणि परत येतील तेव्हा घसा तयार असेल.

तिने कॅबिनेट आडवं करून झाकण काढलं. आतून धुळीचा गोळा निघाला, मांजराच्या पिल्लाएवढा. भिंगरीने त्याला नाव ठेवायची तयारी केली, पण ताईने तो आधीच केरात टाकला. मग ती दुकानात गेली.

दुकानदार बोलका होता. "ताई, प्रोसेसर बदलू. पण तुमच्या मदरबोर्डवर नवा प्रोसेसर बसणार नाही, खाचच वेगळी."

"म्हणजे बोर्डही."

"बोर्डही. आता नव्या बोर्डला तुमची रॅम चालत नाही. ही बघा, हिची खाच इथे, त्याची तिथे. दाबून बसवायला जाल तर दोन्ही मरतील."

"म्हणजे रॅमही."

"रॅमही. आणि बोर्डला वीज द्यायला तुमचा हा सप्लाय पुरणार नाही. प्लगच लहान आहे."

"म्हणजे..."

"हां. आणि नवा सप्लाय तुमच्या कॅबिनेटमध्ये मावणार नाही. हे त्या वेळचं चपटं कॅबिनेट, कंपनीने स्वतःच्या मापाचं काढलेलं." दुकानदाराने हात पसरले. "शर्टाचं बटण बदलायला आलात आणि अख्खा शर्ट शिवायची वेळ आली बघा."

"मग जुन्यातलं राहतं काय?"

"हार्ड डिस्क! तिची पिन जुळते. तुमचं सगळं त्यातच आहे ना? जीव त्यातच असतो, ताई. बाकी सगळी हाडं."

संध्याकाळी ताई इस्पितळात गेली आणि बाबांना सगळं सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. ते पाटीवर प्रश्न लिहायचे, ती उत्तर द्यायची, ते पुसून पुढचा लिहायचे.

"डिस्क?"

"बसते. वीज पुरते. नवा बोर्ड ओळखतो, कारण पिन तीच आहे. दुकानात लावून बघितली."

"कीबोर्ड?"

"त्याचा गोल प्लग नव्याला चालत नाही. मधे जोडायचा तुकडा घेतला. तुमचा हात त्याच कीबोर्डवर बसलाय ना."

"स्पीकर?"

"तेच."

सरांनी पाटीवर मोठ्या अक्षरात "शाब्बास" लिहिलं. शेजारच्या खाटेवरचा पेशंट म्हणाला, "सर, आम्हालाही द्या की एखादं." सरांनी पाटी त्याच्याकडे वळवली आणि खांदे हलवत हसले.

एक गोष्ट दोघांपैकी कुणीच काढली नाही.

कॅबिनेटच्या मागे, प्रिंटरच्या रुंद सॉकेटवर, काडेपेटीएवढी एक करडी डबी स्क्रूने घट्ट बसवलेली होती. तिला वायर नव्हती, दिवा नव्हता, तिच्यावर नावही नव्हतं. धाकटा लहान असताना त्याने एकदा ती उपटायला सुरुवात केली होती. घरात कधी आवाज न चढवणारे सर त्या दिवशी ओरडले होते, "त्या डबीला हात लावायचा नाही! कुणीही नाही!" पोरगं घाबरून रडायला लागलं. सरांनी त्याला उचलून घेतलं, समजूत घातली, पण का हात लावायचा नाही ते सांगायचं त्या गडबडीत राहून गेलं. पुढे कुणी विचारलंही नाही. मधे एकदा सरांनी कॉम्प्युटर बदलला तेव्हा डबी त्यांनी स्वतःच काढून स्वतःच लावली. घरात केर काढताना, पुसताना सगळे त्या डबीच्या कडेकडेने फडकं फिरवायचे. भिंतीतल्या खिळ्याला कुणी वस्तू म्हणत नाही, तसं झालं होतं.

ताईने जुन्या कॅबिनेटच्या मागे जे जे खोचलेलं होतं ते एकेक काढलं. पडद्याची वायर, कीबोर्ड, माउस, स्पीकर. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारले. डबीला वायर नव्हती, म्हणून ओढायला काही नव्हतं. जुनी कॅबिनेटं दुकानवालेच घेऊन जात आणि भंगारात पाठवत. त्यांचा माणूस येणार म्हणून ताईने ते कॅबिनेट पुसून काढलं. इतकी वर्षं बाबांचा आवाज सांभाळलेली वस्तू, कळकट कशी द्यायची? नेहमीसारखं तिने डबीच्या कडेने फडकं फिरवलं. डबीला हात लावला नाही.

नवा कॉम्प्युटर चुटकीसरशी चालू झाला. पंख्याचा आवाजसुद्धा नाही. पडद्यावर सगळं जिथल्या तिथे होतं, बोलायच्या प्रोग्रामचं चित्रही. ताई त्यावर बोट नेणार, तोच भिंगरीने तिचा हात धरला.

"आई, नाही! पहिल्यांदा आजोबाच बोलतील."

"बरं बाई, आजोबाच."

सर घरी आले ते बूट न काढताच कॉम्प्युटरपाशी गेले. भिंगरी पुस्तक घेऊन शेजारच्या खुर्चीवर चढली, "भ"चं पान उघडून. सरांनी प्रोग्राम उघडला.

पडद्यावर एक छोटी चौकट आली. "चावी सापडली नाही. प्रोग्राम बंद होत आहे."

"काय लिहिलंय?" भिंगरीने विचारलं.

ताईला वाटलं पासवर्डचं काहीतरी असेल. "बाबा, तुम्हाला पासवर्ड आठवतो का?"

सरांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते टेबलावर वाकले आणि त्यांनी उजवा हात नव्या कॅबिनेटच्या मागे घातला. न बघता, सवयीने. हात आधी बरोबर त्या जागी गेला जिथे जुन्यात प्रिंटरचं सॉकेट होतं. तिथे गुळगुळीत पत्रा होता. हात डावीकडे सरकला, मग वर, मग खाली. बोटं सगळ्या सॉकेटांवरून एकदा फिरली, पुन्हा एकदा फिरली आणि थांबली.

ताई त्या हाताकडे बघत होती. हात कुठे थांबला ते तिला दिसलं आणि तो काय शोधतोय हेही त्याच क्षणी कळलं.

"डबी," ती म्हणाली. "बाबा, ती डबी..."

सरांनी मान हलवली. हो.

ती चपला घालून धावतच दुकानात गेली. दुकानदाराने ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "अहो ताई, ते डोंगल असतं! प्रोग्रामची चावी. ती लावल्याशिवाय तो कुलूप उघडत नाही. मागे असं काही आहे हे सांगायचं ना!"

"कॅबिनेट कुठंय?"

"गाडी कालच गेली."

"कुठे?"

त्याने दुकान नोकराच्या हवाली केलं आणि स्वतः तिला मोटरसायकलवर घेऊन गेला. गावाबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये भंगाराची फोडाफोड चालायची. बायका पोत्यांवर बसून हातोडीने बोर्डवरची सॉकेटं उडवत होत्या. पितळ एका ढिगात, अॅल्युमिनियम दुसऱ्या, प्लॅस्टिक तिसऱ्या. ठोकण्याचा आवाज सतत चालू. ताईने ओरडून सांगितलं तेव्हा एकीने हातोडी थांबवली.

"काय हरवलं?"

"डबी. करडी, एवढी. प्रिंटरच्या सॉकेटला असते."

"सोन्याची आहे का?"

"नाही हो."

"मग सोन्याची असल्यासारखं तोंड का करून उभी आहेस, बाई? बस. शोधू."

दोघी प्लॅस्टिकच्या ढिगात शोधत राहिल्या. ताईला सवय होती. कारखान्यात ती दिवसभर काचेतला केसाएवढा चरा शोधायची. तिला आधी जुन्या कॅबिनेटचं झाकण दिसलं, तिनेच पुसलेलं. मग बोर्ड. प्रिंटरच्या सॉकेटच्या जागी नुसतं भोक होतं. आणि मग त्या बाईने हात वर केला. "ही का?"

हीच. एका बाजूने चिरलेली. आतला काळा तुकडा मधोमध तडकलेला, हातोडीचा घाव बरोबर त्याच्यावर.

"लागेल का कामाला?" बाईने विचारलं.

ताईने डबी रुमालात गुंडाळली. "बघते."

सरांच्या जुन्या शाळेतून एक कॉम्प्युटर मागून आणला. त्याला प्रिंटरचं सॉकेट होतं. डिस्क त्यात लावली. सरांनी भिंगाखाली डबी बराच वेळ पाहिली, चिरलेल्या कडा जुळवल्या, नखाने एक पिन सरळ केली आणि डबी ताईच्या हातात दिली. मग खुर्ची मागे सरकवून बघत राहिले.

ताईने डबी सॉकेटवर टेकवली. बसली. स्क्रू फिरवले.

"बसते," ती म्हणाली. तिचा आवाज वर्गात उभं केलेल्या मुलीसारखा झाला होता. बटण दाबलं. "वीज आहे."

पंखा घरघरला. ओळखीचा आवाज. भिंगरी टाळ्या वाजवून उडी मारत म्हणाली, "आजोबा बोलणार!"

चौकट आली. "चावी सापडली नाही."

ताईने पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. डबी काढून फुंकर मारून पुन्हा लावली. चौकट. पुन्हा. चौथ्या-पाचव्या वेळी सरांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. घाई नको, असं ते एरवी म्हणाले असते. आता नुसता हात होता.

धाकटा पहिल्यांदाच फोन ठेवून स्वतः आला. त्याने डिस्कवरची रेकॉर्डिंगं उघडून बघितली. ती प्रोग्रामने स्वतःच्या पद्धतीने बांधून ठेवलेली होती. दुसऱ्या कशानेही वाजवली की नळाला हवा यावी तसा सू आवाज यायचा. त्याने मित्रांना विचारलं, मित्रांनी आणखी कुणाला. प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीचा नंबर जुन्या खोक्यावर सापडला. फोन उचलणारा म्हणाला, "इथे गाद्या मिळतात." कंपनी कधीच बंद पडली होती आणि दुसरी चावी द्यायला जगात कुणी उरलं नव्हतं.

"लहानपणी मी ती उपटली असती तर बरं झालं असतं," धाकटा रात्री जेवताना म्हणाला. "निदान तेव्हा बाबांनी का ते सांगितलं असतं." कुणी हसलं नाही. तोही हसला नाही.

जेवण झाल्यावर सरांनी पाटी ताईपुढे सरकवली. "तुझी चूक नाही. कारण मी सांगायला हवं होतं."

ताई पाटीकडे बघत राहिली. इतकी वर्षं डबीच्या कडेने फिरलेलं फडकं तिच्या डोळ्यांपुढे येत होतं.

"काय लिहिलंय?" भिंगरीने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं, आणि ज्याने शिकवायचं तो आता फक्त लिहू शकत होता. "आई, सांग ना. आजोबा काय म्हणाले?"

"म्हणाले..." ताईने पाटी स्वतःकडे ओढली. "म्हणाले, घाई नको."

"असं नाही म्हणत ते." भिंगरीने डोळे मिटले, हनुवटी वर केली आणि म्हणाली, "घाई... नको."

तोच थांबा. तोच श्वास. शेवटचा "नको" तसाच मऊ. सर ताडकन तिच्याकडे वळले. त्यांनी बोटाने खूण केली, पुन्हा. भिंगरीने पुन्हा म्हणून दाखवलं. मग "शाब्बास" म्हणाली, "पुस्तक उघड" म्हणाली, आणि "झाड" म्हणून मागचं खुदकन हसणंसुद्धा हसली.

त्यानंतर काही दिवस घरात हाच खेळ चालला. सर बोट दाखवायचे, भिंगरी त्यांच्या आवाजात बोलायची. सर अक्षर काढायचे, ताई स्वयंपाकघरातून त्याचा उच्चार सांगायची. पण ते अक्षर ताईच्या आवाजात शिकलं जायचं. ताई कामावर गेली की धडा थांबायचा. "भ"नंतर "म" यायला फार दिवस लागले. पुढे भिंगरीला शाळेत घातलं. तिथल्या बाई भराभर शिकवायच्या, सगळ्या वर्गाने एकसुरात म्हणायचं अशी पद्धत होती.

एके दिवशी ती शाळेतून आली. सरांना खुर्चीतून उठताना त्रास होत होता. भिंगरीने दप्तर टाकलं आणि त्यांचा हात धरला.

"घाईनको आजोबा, घाईनको," ती म्हणाली. एका दमात, वर्गातल्यासारखं.

सर अर्धवट उठलेले तसेच थांबले. त्यांनी बोटाने खूण केली, पुन्हा.

"घाईनको," भिंगरी म्हणाली. आजोबा अजून बघताहेत म्हणून तिने आणखी मोठ्याने म्हटलं, "घाईनको!"

सरांनी आपल्या घशावर बोट ठेवलं, मग हाताने हवेत एक लहानशी जागा मोकळी करून दाखवली. इथे, इथे थांबायचं.

भिंगरीने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

"काय आजोबा?" ती म्हणाली. "काय पाहिजे?"